पहार धरायला एक माणूस

जमिनीखालचा नळ कुठून गेलाय हे खणायच्या आधी कळावं कसं, या एका प्रश्नानं माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं माझ्या चार मुलींच्या लग्नांनीही खाल्लं नाही. निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं अवकाश होता. मी तामिरात, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्यात, नुकताच मिस्त्री म्हणून लागलो होतो. गाव मूळचं तेर, वय पंचविशीचं आणि स्वभाव आतापेक्षा दुप्पट तापट. आताचाही काही थंड आहे असं आमच्या घरात कुणी म्हणणार नाही.

मला पाठवलं होतं तेरपासून पाच कोसांवरच्या एका गावात, सरकारी दवाखाना बांधायला. तीन खोल्या आणि पश्चिमेला पडवी, एवढंच काम. जागा चावडीच्या मागची, वेशीला लागून. कागदावर सगळं झकास होतं. फक्त त्या जागेखालून गावाचा नळ गेला होता, आणि तो नेमका कुठून गेला होता ते कागदावर नव्हतं.

नळ म्हणजे लोखंडी नव्हे. कुंभारानं भाजलेले खापराचे हातहातभर तुकडे, एकात एक बसवून चुन्यानं सांधलेले. माळावर झऱ्याची एक विहीर होती. तिचं पाणी या खापरी नळातून उतारानं खाली येऊन वेशीजवळच्या हौदात पडायचं. हे कुणी बांधलं, कधी बांधलं, कुणालाही सांगता येत नव्हतं. चैत्र लागला की गावातले आड तळाला जायचे आणि सगळं गाव त्या एका धारेवर जगायचं. ती धार बंद पडली की बायकांना घागरी घेऊन दीड कोस तेरणेच्या डोहावर जावं लागायचं. आणि मला पाया खणायला पाठवलं ते नेमकं चैत्रात. हा हुकूम काढणाऱ्याला मी तेव्हा मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दफ्तरात नळाचा एक जुना नकाशा सापडला. उर्दूत होता, ती मला येत होती. ‘चिंचेच्या झाडापासून उत्तरेकडे चाळीस हात, तिथून धोब्याच्या दगडापर्यंत सरळ’ असं त्यात लिहिलं होतं. चिंच कधीच तोडली गेली होती. धोब्याचा दगड कुठंय म्हणून विचारलं तर लोकांनी मला तीन दगड दाखवले. मग मी गावातल्या जाणत्या माणसांना जागेवर बोलावलं. पहिल्यानं काठीनं रेघ ओढली आणि नळ इथूनच म्हणाला. दुसऱ्यानं दहा हात पलीकडं रेघ ओढली, कारण त्याच्या वडिलांनी त्याला तसं सांगितलं होतं. तिसरा म्हणाला, दोघंबी खुळे हायत. मग त्या तिघांची जुंपली आणि मी उन्हात उभा राहून ती बघत बसलो. त्यांना नळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं बांधावरून आधीच वाकडं होतं, हे मला मागाहून कळलं.

शेवटी माझा मुकादम म्हणाला, “साहेब, माळावरच्या म्हाताऱ्याला बोलवा. त्याच्याबिगर हे व्हायचं न्हाय.”

हा म्हातारा झऱ्याच्या विहिरीपाशी झोपडीत राहायचा. नळ राखायचं काम त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. कुठं गाळ बसला, कुठं मुळी शिरली, की गाव त्याला हाक मारायचं आणि त्याबद्दल दर सुगीला खळ्याखळ्यावर त्याचा धान्याचा वाटा निघायचा. एरवी तो गावात फिरकत नसे. त्याची नळ शोधायची रीतही त्याच्या घरचीच होती. हौदातल्या नळाच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा मारायचा. पाणी मागं तुंबलं की जमिनीत पहार रोवायची आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. मग इशारा करून बोळा काढायला सांगायचा. तुंबलेलं पाणी सुटताना जी गुळगुळ होते ती लोखंडातून वर कानापर्यंत येते. आली तर खाली नळ आहे, नाही तर जागा रिकामी. असं दर दोन हातांवर करायचं. ऐकून मला बरं वाटलं. निदान यात कुणाच्या वडिलांचा संबंध नव्हता.

म्हातारा आला तो बायकोला घेऊन. सत्तरीच्या पुढचा, काटकुळा, गुडघ्यानं अधू, आणि बोलणं असं की दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जावं. साहेबापुढं मान खाली घालून उभा राहायची पद्धत होती, तसा तो उभा राहिला आणि ओरडूनच म्हणाला, “रामराम साहेब! आलो म्या!” मला तो उद्धटपणा वाटला. इतक्या जवळून माझ्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं.

काम सुरू झालं आणि माझ्या सहनशक्तीचा अंत बघायला सुरुवात झाली. म्हातारा वाकून पहारीच्या टोकाला कान लावायचा. म्हातारी तिच्या बुडाशी उकिडवी बसून दोन्ही हातांनी पहार धरायची, डोक्यावरून पदर पुढं ओढून, कपाळ पार लोखंडाला टेकवून. मग म्हातारा एक हात वर करायचा. याचा अर्थ सगळ्यांनी गप्प बसायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्या वेशीनं. समोरच्या वाण्यानं वजनं आपटायची नाहीत, पलीकडच्या पिंजाऱ्यानं कापूस पिंजायचा नाही, हौदावर खोळंबलेल्या बायकांनी कुजबुजायचं नाही. पिंजारी चिडायचा, वाणी आपल्या घरच्या कानडीत काहीतरी पुटपुटायचा, बायका माझ्याकडे बघून बोटं मोडायच्या. मग कुठंतरी गाढव ओरडायचं आणि म्हातारी मान हलवायची. पुन्हा बोळा, पुन्हा पाणी तुंबायची वाट. एका जागेला अर्धा-पाऊण तास. दिवसाकाठी आठ जागा झाल्या तर डोक्यावरून पाणी.

मी रोज सकाळी त्याला झापत असे. “बाबा, हे काय चाललंय? सरकारचं काम आहे, तुमच्या घरचं लग्न नाही! वैशाखाअखेर पाया भरून झाला नाही तर माझी नोकरी जाईल, तुमचं काय जाणार आहे?” मान खाली घालून तो उभा. मी दमलो की म्हातारी त्याच्या कानाशी लागून दोन शब्द बोलायची, आणि त्याचा चेहरा एकदम खुलायचा. माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडायचा, हसायचा, आणि गुडघा चोळत कामाला लागायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. इतका शिव्या पचवणारा निगरगट्ट माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आवाज आणखी चढवायचो, आणि तो आणखी गोड हसायचा.

दोन आठवड्यांत दोन बाजू झाल्या. पूर्वेच्या बाजूला एका ठिकाणी म्हाताऱ्यानं “हितं हाय!” म्हणून आरोळी ठोकली. हातानं माती उकरून पाहिलं तर खरंच दीड हातावर खापराची पाठ लागली, बरोबर पहारीच्या टोकाशी, ओरखडासुद्धा नाही. मला कौतुक वाटलं, पण ते दाखवण्याइतका मी मोठा नव्हतो. दक्षिण रिकामी निघाली. तिथं खणलं, काही लागलं नाही. आता राहिल्या पश्चिम आणि उत्तर. नळ पूर्वेनं आत शिरलाय तर दुसरीकडून बाहेर पडणारच. हौद उत्तरेला होता, तेव्हा तो उत्तरेनंच बाहेर पडणार हे माझं गणित.

तेवढ्यात वरच्या साहेबांचं पत्र आलं. काम मंद का, मजूर किती, हजेरीपट पाठवा. हजेरीपटावरून मला आठवलं की म्हातारीचं नाव कुठंच नाही. सरकारी कामावर, खड्ड्याच्या काठावर, हजेरीबाहेरचं माणूस दोन आठवडे बसतंय. उद्या तिला काही लागलं तर जबाब मला द्यायचा. आणि तसं पाहिलं तर ती करत काय होती? पहार धरत होती. पहार धरायला एक माणूस! पहार रोवली की ती आपली उभी राहते. फार तर एखाद्या मजुरानं हात लावावा. मला वाटलं, इतका उशीर होतोय तो हिच्याचमुळं. ती मान हलवते, मग हा थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, “बाई, तुम्ही घरी जा. आजपासून यायचं नाही.”

ती उठून उभी राहिली. “का वं साहेब? म्या काय केलं?”

“तुमचं नाव हजेरीत नाही.”

“नसू द्या की. फुकाट धरते म्या पहार. मला काय नगं.”

“फुकट धरा नाही तर कशीही धरा, नियम म्हणजे नियम. माझा माणूस धरेल.”

“त्येला जमायचं न्हाय, साहेब.”

“पहार धरायला जमायचं नाही?” मी इतका हसलो की मजूरही हसले. म्हातारीनं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलणार होती, पण सभोवती माणसं होती. तोंड मिटून ती माळाच्या वाटेला लागली. म्हातारा तिच्या पाठमोऱ्या पदराकडे बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी तो हसला नाही.

आणि काय सांगू, काम सपाट्यानं सुटलं! मुकादमाचा एक धट्टाकट्टा माणूस पहार धरायला बसला. पाणी पुरतं तुंबायचीही वाट न बघता म्हातारा कान लावायचा, हात वर करायचा, थोडं थांबायचा आणि ओरडायचा, “रिकामं!” पुढची जागा, “रिकामं!” पिंजाऱ्याचं पिंजणंसुद्धा थांबवावं लागलं नाही. चार दिवसांची पश्चिम बाजू दुपारच्या जेवणाआधी संपली. मी मुकादमाला म्हणालो, बघ, एक म्हातारी काढली तर केवढा फरक पडला. माझ्या हुशारीवर मी इतका खूष होतो की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मजुरांना पश्चिमेला खणायला लावलं आणि म्हाताऱ्याला उत्तरेला नेलं. त्यानं पहार रोवून घेतली, आमच्याकडे पाठ केली, कान लावला आणि हात वर केला. मी गप्प उभा राहिलो. एवढ्यात मागं कुदळीचा एक भलताच आवाज आला. खड्डकन्‌, मडकं फुटल्यासारखा. आणि मग पाणी. बोळा मारलेला असल्यामुळं पाणी मागं तुंबलेलं होतं. ते असं उसळलं की कुदळवाला मजूर मागं पडला. खड्डा भरला, चुन्याच्या रेघा वाहून गेल्या. मजूर ओरडले, हौदावरच्या बायका घागरी टाकून धावत आल्या, रडू लागल्या, शिव्या देऊ लागल्या. वाणी दुकानातून बाहेर आला. मी तर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतो, बोळा काढा, माळावर माणूस धाडा, पाणी तोडा.

या सगळ्या गलक्यात मी एकदा वळून उत्तरेकडे पाहिलं. म्हातारा तसाच होता. आमच्याकडे पाठ, पहारीला कान, आणि सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून वर केलेला हात.

मला आजही तो हात दिसतो. पहार धरणारा माणूस केव्हाच पळून आला होता आणि म्हातारा एकटाच वाकून उभा होता, अगदी लक्ष देऊन. मी ओरडायचा थांबलो.

माळावरून म्हातारी धापा टाकत आली. विहिरीतलं पाणी एकदम ओसरलेलं बघून, तिथंच पाणी तोडून ती आली होती, हे मला नंतर समजलं. तिनं फुटलेल्या नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकला. वळला. पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं होतं.

दिवस कलायच्या सुमाराला ती चावडीवर आली. मी ओसरीवर कपाळाला हात लावून बसलो होतो.

“धा वर्सं झाली साहेब, त्यांना ऐकू येत न्हाय,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “कानापाशी तोंड न्हेलं तर चार शबुद कळत्यात. पहारीतलं म्या ऐकते. कपाळाला कळतंय, कानाला कळतंय. मंग त्यांच्या पायाला बोट लावते. एकदा लावलं तर हाय, न्हाय लावलं तर रिकामं.”

मला राग आला, आधी तिचाच. “मग हे सकाळी का नाही सांगितलं?”

“सकाळी?” म्हातारीचा आवाज चढला. “चार लोकांत सांगू? त्यांच्या तोंडावर? तुमी हसत व्हता, तुमचे मजूर हसत व्हते, तवा सांगू? तुमी मला हाकललं तवाच मला कळलं का नळ फुटनार. पर तुमाला घाई!”

आयुष्यात मी अनेकांना झापलं. मला कुणी असं झापलं ते तेवढं एकदाच. मी विचारलं, गावातल्या कुणाला ठाऊक आहे का?

“कुनाला बी न्हाय. ठावं झालं तर कोन हाक मारंल त्यांला? नळाचं काम गेलं तर त्यांनी माळावर बसून करायचं काय? दान्याचं सोडा. माझी लेक ईट गावाला दिलीय, ती दोन घास घालंल. पर ते जगायचे न्हाईत, साहेब.” मग म्हणाली, “ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ द्या.”

कुंभाराकडून नवे तुकडे आणून, चुना घोटून सांधे वाळेपर्यंत सहा दिवस गेले. सहा दिवस बायका डोहावर जात होत्या आणि चावडीवरून जाताना ऐकू येईल एवढ्या आवाजात माझा उद्धार करत होत्या. मला तो ऐकून घ्यावा लागला. म्हाताऱ्यानं नळ चुकीचा दाखवला असं गावात कुणी म्हणायच्या आत मी चावडीवर सांगून टाकलं होतं, की त्याचा शब्द न घेताच मी खणायला लावलं. वर अहवालातही तेच लिहिलं. मुकादम माझ्याकडे बघतच राहिला. आता मनाशी म्हणतो, त्यात खोटं तरी काय होतं? पहार धरणारीला मीच घालवलं होतं. साहेबांचं उत्तर आलं, चार ओळींचं, त्यातली एक बदलीची. पडवीचा पाया भरून झाला की निघायचं, पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात.

पडवीची जागा पश्चिमेलाच होती, आणि नळ तिथं वळत होता हे आता समजलं होतं. कुठं वळतो ते शोधायचं राहिलं. म्हातारी आली, बुडाशी बसली, पदर पुढं ओढला. हजेरीपटावर मी तिचं नाव घातलं होतं, ‘पहार धरणे’ या कामापुढं. म्हाताऱ्यानं कान लावून हात वर केला. पिंजाऱ्याची धनुकली वाजत होती. मी स्वतः पळत गेलो आणि त्याचे हात धरले. वाण्याला गप्प केलं, बायकांना गप्प केलं. जन्मात कधी इतका वेळ तोंड मिटून बसलो नव्हतो. एका जागेला पाऊण तास, तरी मी ब्र काढला नाही. माझी नजर म्हाताऱ्याच्या पायाकडे होती. पदराखालून एक बोट आलं आणि त्याच्या घोट्याला लागलं.

“हितं हाय!” म्हातारा ओरडला. उकरलं तर होता.

“म्हाताऱ्याचा कान अजून शाबूत हाय हो!” वाणी माझ्याजवळ येऊन म्हणाला. मी म्हणालो, आहे.

जायच्या दिवशी बैलगाडीत सामान चढवलं आणि गाडीवान घाई करू लागला. दुपारच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा होता. तेवढ्यात ती दोघं माळावरून येताना दिसली. म्हातारा काठी टेकत पुढं, ती मागं. गाडीपाशी येऊन त्यानं हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं.

“साहेब,” तो सगळ्या वेशीला ऐकू जाईल असा म्हणाला, “लई साहेब बघितले म्या. समदे कामापुरते. तुमी मातर रोज सकाळच्या पारी माझ्या गुडघ्याची इचारपूस केली. रोज! एक दीस चुकला न्हाय. ही सांगायची ना मला. पोटच्या लेकानं केली नसती.”

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि दुसरीकडे बघायला लागली.

रोज सकाळी. मी ज्या आवाजात काय काय बोलत होतो ते मला आठवलं, आणि तिचे ते कानाशी लागून सांगितलेले दोन शब्द, आणि त्याचं ते हसू. मला स्वतःचीच अशी लाज वाटली की गाडीत बसवेना.

मी खाली उतरलो, त्याच्या कानापाशी तोंड नेलं आणि विचारलं, “गुडघा कसा आहे बाबा?”

तो सांगायला लागला. कधी दुखतो, कुठून दुखतो, थंडीत कसा धरतो, लेकीनं ईटहून आणून दिलेल्या तेलानं काय फरक पडला, वाकताना कळ कशी वर कमरेपर्यंत जाते. गाडीवान दोनदा खाकरला, मग बैल सोडून सावलीला बसला. ऊन डोक्यावर आलं. मी ऐकत होतो.